मोडका, जळका, गंजका रणगाडा: स्केल मॉडेलवर नुकसान दाखवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, ठाणे, डोंबिवली, वसईकडून मॉडेल करणारे जे प्रश्न पाठवत आले, ते मी वहीत उतरवून ठेवत गेलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मापं १:३५ स्केलची (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल) धरली आहेत, कारण विचारणारे बहुतेक जण त्याच स्केलमध्ये काम करतात.

१. दादा, पहिल्यांदाच मोडका रणगाडा करतोय. सुरुवात कुठून करू?

कागद-पेन्सिलपासून. तीन गोष्टी लिहून काढा: रणगाड्याला काय लागलं, लागून किती दिवस झाले, आणि लागल्यावर तो चालत राहिला की जागीच पडला. भोक केवढं, गंज कुठल्या रंगाचा, चाकांवर रबर शिल्लक आहे की नाही, ट्रॅक (चाकांवरून फिरणारा पोलादी कड्यांचा पट्टा) चकाकतोय की लाल पडलाय, हे सगळं या तीन उत्तरांवरून ठरतं. मला जे फोटो येतात त्यातल्या बऱ्याच मॉडेलांवर हात सुरेख फिरलेला असतो. पण ताजं भोक, वर्षभराचा गंज आणि कालचा ओला चिखल एकाच गाडीवर नांदत असतात. पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि करणाऱ्याला कारण सापडत नाही. कारण एवढंच, की घटना आधी ठरवलेली नव्हती.

मग कामाचा क्रम. वाकवणं, फाडणं, भोकं पाडणं असं आकार बदलणारं काम रंगाच्या आधी. उडालेला रंग, गंज, काजळी रंगाच्या नंतर. धूळ आणि चिखल अगदी शेवटी.

२. हत्यारं मुंबईत कुठे मिळतील? सगळं बाहेरून मागवावं लागतं का?

नाही. ०.३ ते १ मिमीची बारीक ड्रिल, टोकदार चिमटे आणि लहान कानशी झवेरी बाजाराच्या परिसरात सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे बघा. तांब्याची वाइंडिंग वायर लोहार चाळीत, सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला, पक्कड आणि पॉलिश पेपर नागदेवीला. तैलरंगाच्या ट्यूब चित्रकलेच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पातळ प्लॅस्टिक सिमेंट आणि पुटी मात्र ऑनलाइन मागवा, त्यात तडजोड नको.

३. फेंडर वाकवला की तुटतो. वाकला तरी खरा वाटत नाही. का?

जाडीमुळे. खरा फेंडर, म्हणजे ट्रॅकवरचं झाकण, काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असतो. किटमधला साधारण एक मिलिमीटर जाड, म्हणजे ३५ ने गुणल्यावर साडेतीन सेंटिमीटर. एवढा जाड पत्रा चुरगळत नाही, आणि हे गणित न मांडताही डोळ्याला कळतं.

थोडाच वाकवायचा असेल तर तो भाग खालच्या बाजूने कटरच्या पात्याने खरवडत जा. उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार दिसू लागला की थांबा आणि पक्कडीने हळू दुमडा. बारीक चीर गेली तरी हरकत नाही, खरा पत्राही फाटतो.

पूर्ण चुरगळलेला हवा असेल तर प्लॅस्टिकचा फेंडर कापून टाका. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, स्केलमध्ये साडेतीन मिलिमीटर. याहून योग्य जाडी विकतही मिळणार नाही. मला त्याहून आवडते ती मलमाची रिकामी ॲल्युमिनियमची ट्यूब, कारण तिचा धातू मऊ असतो आणि घडी नैसर्गिक पडते. ट्यूब उभी कापा, साबणाने धुवा, चमच्याच्या पाठीने सपाट करा. किटचा फेंडर साचा म्हणून वापरून आकार कापा. फेंडरवरच्या उभ्या रेघा उठवायला पत्रा जुन्या रबरी चपलेच्या तळावर ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबा. प्लॅस्टिक सिमेंट धातूला धरत नाही, इथे सुपरग्लू लागतो. रंगाआधी पॉलिश पेपर आणि प्रायमर चुकवू नका, नाहीतर रंग सालीसारखा निघतो.

पुढचा कोपरा भिंतीला घासला की मागे आणि वर दुमडतो. त्यावरचा दिवा आणि ब्रॅकेटही त्याच्याबरोबर वाकतात. फेंडर चेपलेला आणि दिवा सरळ, ही चूक फार दिसते.

४. गोळ्याचं भोक केवढं पाडायचं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. पूर्ण व्यासाचा पोलादी गोळा असेल तर व्यास भागिले ३५. शेर्मनच्या ७६ मिमी तोफेसाठी २.२ मिमी, सेंच्युरियनच्या २० पाउंडरसाठी (८४ मिमी) २.४ मिमी. या दोन्ही गाड्या १९६५ च्या युद्धात असल उत्तरला आपल्या बाजूने लढल्या, त्यामुळे समोरच्या पाकिस्तानी बाजूचे पॅटन रणगाडे करणाऱ्यांना ही दोन मापं हमखास लागतात.

पण त्याच लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफेने पॅटन फोडले, आणि इथे गणित बदलतं. हा गोळा स्वतःच्या वजनाने चिलखत फोडत नाही. त्यातल्या स्फोटकापुढे धातूचा पोकळ शंकू असतो, स्फोटाने त्याची अतिवेगवान धार होते आणि ती पोलादातून जाते. त्यामुळे भोक तोफेच्या व्यासापेक्षा खूपच लहान. १०६ भागिले ३५ करून तीन मिलिमीटरचं भोक पाडलेले पॅटन मला दर वर्षी दिसतात. ०.८ ते १ मिमीचं ड्रिल पुरे, आणि भोकाभोवती स्फोटाने रंग उडालेला, काळवंडलेला डाग.

विमानाच्या तोफेचा मारा वेगळा. ५ डिसेंबर १९७१ ला राजस्थानातल्या लोंगेवालाला जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाडे टिपले. हंटरची तोफ ३० मिमीची, म्हणजे ०.९ मिमीचं ड्रिल. खुणा वरून पडतात, रांगेत पडतात. जाड चिलखतावर नुसते खळगे, पातळ पत्र्यावर आरपार भोकं.

करायची रीत: हव्या मापापेक्षा किंचित लहान भोक पाडा, मग गरम सुई किंवा सोल्डरिंग गनचं जुनं टोक कडेने फिरवून ओठ बाहेर उचला. गार झाल्यावर कटरने दोन-तीन ठिकाणी कड तोडा. प्रश्न ३ मधला जाडीचा नियम इथे उलटा आहे. शेर्मनचं पुढचं चिलखत ५१ मिमी, स्केलमध्ये जवळजवळ दीड मिलिमीटर. तेव्हा इथे प्लॅस्टिक पातळ करू नका. भोकात डोकावल्यावर जाडी दिसलीच पाहिजे. किटचं प्लॅस्टिक कमी जाड असेल तर मागून एक तुकडा चिकटवून मगच भोक पाडा.

तिरका लागून घसरलेला गोळा भोक पाडत नाही, लांबट खाच पाडतो. गोल कानशीने ती खाच काढा, दोन्ही कडांवर पुटीची पातळ रेघ देऊन उचललेला धातू दाखवा. प्लॅस्टिक तापवताना धूर होतो, खिडकी उघडी आणि थिनरची बाटली दुसऱ्या खोलीत.

५. एका गाडीवर किती भोकं दाखवावीत?

सोडून दिलेल्या गाडीवर एक पुरतं. जळालेल्या गाडीवर दोन-तीन पटतात, कारण धूर दिसेपर्यंत समोरचा तोफची मारा थांबवत नसे. ती जवळजवळ आणि एकाच दिशेने आलेली असावीत.

६. तुटलेला ट्रॅक जमिनीवर कसा मांडायचा?

पुढे जाताना ट्रॅक तुटला तर रणगाडा त्यावरून पुढे निघून जातो आणि ट्रॅक मागे लांब पसरतो. म्हणून तो गाडीशेजारी नीट गुंडाळी करून ठेवलेला दिसला की खोटा वाटतो. सुरुंगाने तुटला असेल तर तिथलं एखादं चाकही वाकलेलं किंवा उखडलेलं हवं आणि वरचा फेंडर खालून वर फुगलेला.

किटमधला अखंड रबरी ट्रॅक यासाठी वापरू नका, तो स्वतःच्या वजनाने लवत नाही. सुट्या कड्यांचा घ्या.

७. जळालेला रणगाडा करायचाय. सगळा काळा रंगवून टाकू का?

नका. आग लागलेल्या पोलादावर काळा रंग सगळ्यांत कमी असतो. आग तीव्र होती तिथे रंग जळून राखेसारखा पांढरट-करडा होतो, मग पूर्ण गळतो. उघड्या पडलेल्या पोलादाला संरक्षण उरत नाही, आणि दवाच्या एक-दोन रात्रींत तिथे नारिंगी गंजाची पातळ साय येते. काजळी फक्त वाटांवर असते: हॅचच्या (आत-बाहेर जायच्या झाकणाच्या) कडा, इंजिनाच्या जाळ्या, गोळ्याचं भोक, तोफेच्या नळीचं तोंड. आग पोहोचली नाही तिथे मूळ रंग शाबूत. करडा, नारिंगी, काळा आणि मूळ हिरवा यांच्या सीमा एकमेकींत विरघळत गेल्या तर गाडी जळालेली दिसते.

रंगाआधी दोन गोष्टी. पहिली, चाकांचं रबर. ते जळून जातं आणि उरते नुसती धातूची कड. किटच्या चाकावर टायर आणि रिम यांच्यामध्ये कोरलेली रेघ असते, त्या रेघेपर्यंत टायर कापून काढा. जमिनीवर चाकाखाली करड्या राखेची चिमूट ठेवा. दुसरी, गाडीची बसकण. पॅटन किंवा टी-५४ सारख्या गाड्यांचं वजन टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्यांवर असतं. भयंकर उष्णतेने त्या पोलादाचा ताव जातो आणि गाडी खाली बसते, कधी एका बाजूला जास्त. चाकांचे दांडे कापून वरच्या कोनात चिकटवा. हे दोन बदल केले की रंग लागण्याआधीच, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये, गाडी मेलेली दिसते. मी नवशिक्यांना नेहमी सांगतो, जळका रणगाडा करायला दोन दिवस असतील तर पहिला पूर्ण दिवस चाकांवर घालवा.

आतला दारूगोळा फुटून टरेट (तोफेसकट फिरणारा वरचा भाग) उडालेलं दाखवायचं असेल तर टरेट-रिंगमधून आतलं सगळं दिसतं. रिकामी प्लॅस्टिकची पोकळी चालत नाही. वाकलेली तार, पत्र्याचे तुकडे, जळकी राख तरी भरा.

८. गंजाचा नेमका रंग कोणता?

वयाप्रमाणे. ताजा गंज फिकट नारिंगी आणि पावडरीसारखा, महिन्यांनी तांबूस तपकिरी, वर्षांनी जवळजवळ काळपट आणि खवल्यांचा. जुन्या गडद थरावर नव्या नारिंगी थराचे ठिपके, हा क्रम लक्षात ठेवा. तैलरंगात बर्न्ट अंबर, मग बर्न्ट सिएना, मग त्यात थोडा पिवळा-नारिंगी.

मुंबईत गंज बघायला पैसे पडत नाहीत. दारूखान्याच्या बाजूला तोडलेल्या जहाजांचे पत्रे, भाऊच्या धक्क्यावरच्या साखळ्या, आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचे टाकीचे खांब. ओघळ कुठून सुरू होतो आणि कुठे रुंदावतो हे तिथे उभं राहून बघा. पण एक भान ठेवा. तो समुद्राच्या खाऱ्या हवेतला, वर्षानुवर्षांचा गंज आहे. ज्या रणगाड्याला लागून आठवडा झालाय त्यावर दारूखान्याचा गंज चढवला की घटनाच बदलते.

चालत्या गाडीवर गंज फार कमी. एक्झॉस्टवर तो असतो, कारण उष्णतेने तिथला रंग टिकत नाही. ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग घासून चकचकीत राहतो, तिथे ६बी पेन्सिलचं शिसं बोटाने घासा. गाडी थांबली की त्याच चकाकीवर आधी नारिंगी छटा येते.

९. उडालेल्या रंगाचे ठिपके नेहमी गोवरासारखे का दिसतात?

मोठे आणि सगळीकडे सारखे असतात म्हणून. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्या, रंग कागदावर जवळजवळ पुसून टाका, मग टेकवा. जागा ठरलेल्या: हॅचच्या कडा, माणसं पाय ठेवतात त्या जागा, खोक्यांचे कोपरे. माणसाचा हात-पाय जात नाही तिथे ठिपका नको.

मोठे पापुद्रे हवे असतील तर हेअरस्प्रे. गंजाचा थर, वर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वाळल्यावर ॲक्रिलिकचा वरचा रंग. मग कोमट पाण्याने ओला करून आखूड केसांच्या ब्रशने टोचत रंग काढा. वरचा रंग पाण्याने पातळ केला तर सहज निघतो, लॅकर थिनरने पातळ केला तर हट्टाने धरून बसतो. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

१०. जून ते सप्टेंबर काम करावं की बंद ठेवावं?

काम करा, फक्त फवारणी जपून. हवेत दमटपणा भरलेला असताना लॅकर आणि मॅट वॉर्निश मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि पांढरट धुकं उमटतं. एका जुलैच्या संध्याकाळी मी असाच एक पूर्ण झालेला सेंच्युरियन घालवला. तीन महिन्यांचं काम होतं, आणि घाई माझी होती.

तेव्हापासून माझा नेम असा: वॉर्निशच्या आधी तासभर एसी लावून खोली कोरडी करायची, डबा कोमट पाण्यात ठेवून घ्यायचा, आधी भंगार तुकड्यावर मारून दहा मिनिटं बघायचं. एसी नसेल तर पाऊस उघडलेल्या दुपारची वाट पाहा. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर ऐन फवाऱ्यात थेंब उडतो. हेअरस्प्रेही या दिवसांत चिकट राहतो, त्याला दुप्पट वेळ द्या. ब्रशची, कोरण्याची, पत्रा वाकवण्याची कामं पावसाळ्यासाठी राखून ठेवली तर काहीच अडत नाही.

खिडक्या बंद करून थिनर वापरू नका. एका खोलीच्या घरात लहान मूल असेल तर फवारणी गॅलरीतच.

११. गेरू पिगमेंट (कोरडी रंगपूड) म्हणून चालतो का? आणि खरा गंज?

दोन्ही चालतात. गेरूचा लाल रंग लोह-ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. रांगोळीच्या दुकानातला गेरू खलात बारीक करून मलमलच्या दुहेरी फडक्यातून चाळा. खिडकीच्या ग्रिलवरचा गंज खरवडूनही असाच वापरता येतो. खडबडीत कण राहिले तर स्केलमध्ये ते दगडाएवढे दिसतात. गेरू एकटा जरा विटकरी दिसतो, बर्न्ट अंबरच्या खडूची पूड मिसळा.

लेथवरचा लोखंडाचा कीस मात्र नको. तो अजून गंजलेला नसतो. मॉडेलवर बसल्यावर मुंबईच्या हवेत गंजत राहतो आणि वर्षभराने वॉर्निशखालून डाग फुटतात. पिगमेंटवर मॅट वॉर्निश मारू नका, ते गडद होऊन नाहीसं होतं. ते पक्कं बसवायला व्हाइट स्पिरिटचा थेंब कडेला टेकवून आत पसरू द्या.

१२. माथेरानची लाल माती वापरली तर?

आफ्रिकेतल्या लाल मातीच्या मुलखात घडणारं काही करत असाल तर सुंदर. असल उत्तरसाठी नाही. ते गाव पंजाबात तरनतारन जिल्ह्यात, गाळाची माती करडट-तपकिरी. शिवाय आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं होतं आणि पॅटन चिखलात रुतले, म्हणून तिथे चिखल ओला, जाड, चाकांच्या मध्यापर्यंत हवा. लोंगेवालाला फिकट कोरडी वाळू, चिखल अजिबात नाही, आणि कोरड्या हवेमुळे गंजही हळू. खरी माती वापरायची तर चाळून, तव्यावर भाजून घ्या, बुरशी धरत नाही.

१३. एम-११३ ला (सैनिक नेणारी चिलखती गाडी) किती गंज दाखवू?

बॉडीला शून्य. ती ॲल्युमिनियमची आहे. रंग उडाला तर खाली फिकट करडा धातू, जळाली तर वितळून ओघळलेली आणि राखेने पांढरी. लाल गंज फक्त पोलादी भागांवर, म्हणजे ट्रॅक, बोल्ट वगैरे. किटच्या खोक्यावरचं चित्र बघून गंज लावण्याआधी गाडी कशाची आहे ते शोधा.

१४. वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिल्यावर चाकाचा दांडा आपोआप तुटला. किट खराब होता का?

बहुधा नाही. वाकवून, ताण देऊन बसवलेल्या प्लॅस्टिकच्या भेगेत टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट साचलं की ते तिथेच फुटतं. प्रश्न ७ प्रमाणे दांडे कापून पुन्हा जोडले असतील तर धोका जास्त. आधी ॲक्रिलिक वॉर्निशचा हात द्या, वॉश थोडाथोडा लावा, डबकं साचलं तर कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या.

१५. संदर्भाला खरे रणगाडे जवळपास कुठे पाहता येतील?

अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि त्यात पॅटनपासून जुन्या ब्रिटिश रणगाड्यांपर्यंत गाड्या उभ्या आहेत. प्रदर्शनातल्या गाड्यांना नवा रंग दिलेला असतो, म्हणून वेदरिंग (गंज, धूळ, झीज दाखवणं) शिकायला जाऊ नका. जोडांचे वेल्ड, ओतीव पोलादाचा खरखरीतपणा, पत्र्याची जाडी बघायला जा. सोबत टेप न्या.

लढाईचे जुने फोटो कृष्णधवल असतात. त्यातला गडद डाग गंज, तेल, ओल किंवा सावली काहीही असू शकतो. एकाच गाडीचे दोन कोनांतले फोटो मिळेपर्यंत ठरवू नका.

१६. घरचे म्हणतात, जळका रणगाडा घरात ठेवणं अशुभ. काय सांगू?

माझी आईही हेच म्हणाली होती, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अशा गाडीत माणसं होती. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या सेंच्युरियनमधून लढत राहिले आणि त्यातच गेले. समोरच्या बाजूच्या गाड्यांतही कुणाची तरी मुलंच होती.

म्हणून मी तीन गोष्टी पाळतो. मृतदेह आणि रक्त दाखवत नाही. तळाच्या पाटीवर लढाईचं ठिकाण आणि तारीख लिहितो. आणि मॉडेल देव्हाऱ्याच्या खोलीत न ठेवता माझ्या कामाच्या टेबलाजवळ ठेवतो. आईला तारीख वाचून दाखवली, घटना सांगितली. त्यानंतर तिने कधी हरकत घेतली नाही.

१७. तयार मॉडेलवर धूळ बसली. खरी धूळ आणि केलेली धूळ वेगळी कशी करू?

बसण्याआधीच रोखा. काचेची किंवा ॲक्रिलिकची बंद पेटी, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर पंधरवड्याला त्या बदला. बसलीच असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा दाबून हवा मारा, मग मेकअपच्या मऊ ब्रशने वरून खाली एकाच दिशेने झटका. ओलं फडकं नको, पिगमेंटचे डाग पसरतात. सपाट जागांवर घरची धूळ राखाडी आणि तंतुमय दिसते, तेवढे तंतू चिमट्याने उचला. कोपऱ्यांतली राहू द्या.